सोबतच्या माणसाचं नाव

थळ, ता. अलिबाग
रविवार, १३ जुलै २०२५

सौ. कल्पितास,

बाबांचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो. कारंजाला तुझ्या सासूबाईंना नमस्कार सांग.

तुझा मेसेज मंगळवारी आला. मी तो वाचला हेही तुला कळलं असणार, खुणा निळ्या होतात म्हणे. पाच दिवस माझं उत्तर नाही म्हणून तू आईला फोन केलास, आणि ते जाळी शिवण्यात गुंतलेत असं आईने सांगितलं. जाळी मी शिवतोच आहे, पण उत्तर न द्यायचं कारण ते नव्हे.

तुझा प्रश्न एका शब्दात उत्तर देण्याजोगा आहे. डॉक्टरीणबाईंनी अल्पेशला कामावर जायला परवानगी दिली. दम्याचा नवा कागद करून दिला. त्यावर 'सोबतचा माणूस' अशी जागा आहे, तिथे पहिल्यासारखं माझं नाव लिहू का, एवढंच तू विचारलंस. नारळी पुनव झाली की अल्पेश पुन्हा आपल्या बोटीवर येणार हे तू धरूनच चाललीस.

फोनवर मला बोलता आलं नसतं. तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि अल्पेश मागून "मामा, पाऊस काय म्हणतो?" असं ओरडतो. म्हणून पत्र. मच्छीमार सोसायटीचं इतिवृत्त मी बावीस वर्षं लिहिलं, त्यामुळे मी घरचं पत्रही ठराव मांडल्यासारखं लिहितो अशी आईची तक्रार आहे. तसं झालं तर झालं.

आधी घरचं. बोट वर ओढून ताडपत्रीखाली ठेवली आहे. मागच्या आठवड्यातल्या वाऱ्याने ताडपत्रीचा एक कोपरा फाटला, तो दोरीने आवळला. आईचा गुडघा पावसात जास्त दुखतो, पण सुकट विकायला ती अलिबागला जातेच; मी नको म्हटलं की गुडघा तिचा आहे, माझा नाही, असं सांगते. धर्माची अमिषा बारावी झाली, आता नर्सिंगला जायचं म्हणते. धर्मा म्हणजे आपल्या बोटीवरचा जुना खलाशी हे तुला सांगायला नको, पण हे पत्र पुढे कोणी वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहिलं.

आता कागदाबद्दल.

लग्नानंतर अल्पेश मोसमभर आपल्याकडे राहून आपल्या बोटीवर येऊ लागला, तेव्हा त्याच्याकडे फक्त निळा पंप होता. चोरून बिडी ओढावी तसा तो केबिनच्या मागे जाऊन पंप ओढायचा. खलाशाने दम लागतो म्हणायचं नाही, असं त्याच्या घरातलं वळण. आमच्याही. गेल्या दिवाळीच्या सुमारास तू त्याला ओढत अलिबागला नेलंस आणि मला बरोबर घेतलंस. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण प्रश्न वकिलासारखे विचारत होत्या. बोट किती लांब जाते, परत यायला किती वेळ लागतो, बोटीवर निर्णय कोणाचा असतो. मी म्हटलं, दोन तास लागतात, आणि निर्णय तांडेलाचा, म्हणजे माझा. त्या म्हणाल्या, मग हा कागद तुमच्यासाठीच आहे.

कागद मला आवडला, खरं सांगतो. सोसायटीत इतके कागद पाहिले, पण इतका नेमका एकही नव्हता. हिरवा, पिवळा, लाल असे तीन पट्टे. हिरव्यात रोजचा नारिंगी पंप सकाळ-संध्याकाळ, नंतर चूळ भरायची. पिवळ्यात निळा पंप नळीतून कितीदा, किती अंतराने. लालमध्ये निळा पंप देत देत सरळ दवाखाना. शेजारी मीटरचे आकडे. मीटर म्हणजे प्लास्टिकची वेगळी नळी, तिच्यात जोरात फुंकलं की काटा सरकतो. चारशेच्या वर हिरवा, अडीचशेच्या खाली लाल, मधला पिवळा. आणि खाली डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने आमच्यासाठी जास्तीची ओळ लिहिली: 'पिवळ्यात असताना बोट काढू नये. बोटीवर असाल तर पिवळ्यातच परत फिरावे, लाल होण्याची वाट पाहू नये.' दुसऱ्या वाक्याखाली दोन रेघा. त्याखाली सोबतच्या माणसाचं नाव आणि सही. मी सही केली. तीच सही, जी इतिवृत्ताखाली करतो.

कागद प्लास्टिकमध्ये घालून केबिनमध्ये एकवीरा आईच्या तसबिरीशेजारी लावला. सकाळी अल्पेश फुंकायचा, कॅलेंडरच्या पानावर आकडा लिहायचा, आणि खलाशी विचारायचे, "जावय हिरवा हाय ना?" हिरवा असला की बोट निघायची. दोन-अडीच महिने असं नीट चाललं.

जानेवारीत एकदा समुद्रात त्याला खोकल्याची उबळ आली. मीटर पिवळ्यात. मी कागदाप्रमाणे बोट फिरवली. जाळी तशीच सोडली. बंदराला लागेपर्यंत निळ्या पंपाने त्याला उतार पडला होता आणि तो उडी मारून धक्क्यावर उतरला. धक्क्यावर पाच-सहा तांडेल बसलेले. एकजण म्हणाला, "तुलशीरामा, बोट दवाखान्याला दिली काय रं?" सगळे हसले. अल्पेशही हसला. मला हसता आलं नाही. डोलीचं जाळं कसं असतं तुला माहीत आहे, पाणी वाहतंय तोवर ते तोंड उघडून मासळी घेतं, आणि पाण्याची ओढ थांबली की त्या अर्ध्या तासातच उचलावं लागतं. नाही उचललं तर उलट्या पाण्याने जाळं पिळवटतं, फाटतं, आणि आतली मासळी कुजते. त्या दिवशी आमची दोन जाळी फाटली. घरी मी काही बोललो नाही, पण अल्पेशशी आठवडाभर कामापुरतंच बोललो. तुझ्या ते लक्षात आलं होतं का माहीत नाही. त्याच्या आलं होतं.

शिमग्याला होळीचा धूर दोन दिवस वाडीत कोंडला होता. सतरा मार्चला, सोमवारी सकाळी अल्पेशने फुंकलं आणि तीनशे चाळीस लिहिलं. पिवळा. त्याने आकडा लिहून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, धुराने सगळ्यांचाच घसा बसलाय. तो डबा घेऊन बोटीवर चढला. पुनवेनंतरचं पाणी, जोराचं, अशा पाण्याला मासळी असते. चारही जाळी नवीन होती.

आठाच्या सुमारास जाळी टाकली. तुला पुढचं जे माहीत आहे ते असं: दहाच्या सुमारास अल्पेशचा दम वाढला, आम्ही लगेच निघायला बघितलं, पण इंजिन चालू होईना, पावणेदोनपर्यंत खटपट केली, मग कसंबसं चालू झालं आणि आम्ही आलो. मी हेच डॉक्टरांना सांगितलं, तुला सांगितलं, आईला सांगितलं. आई कार्ल्याला जाऊन एकवीरेची ओटी भरून आली, इंजिन चालू केलंस म्हणून.

कल्पिता, इंजिन बंद पडलं नव्हतं.

हे एक वाक्य लिहायला मला पाच दिवस लागले. आता पुढचं लिहिणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं काही नाही.

दहा वाजता त्याने निळा पंप घेतला. वीस मिनिटांनी पुन्हा. धर्माने मीटर हातात दिलं, त्याने फुंकलं, काटा दोनशेच्या खाली. मी त्याला विचारलं, कसं वाटतंय. अल्पेश किती बोलतो तुला माहीत आहे, तो साधं 'बरं' म्हणायलाही चार वाक्यं घेतो. त्या वेळी त्याच्याने एक वाक्य पुरं होत नव्हतं. लाल पट्ट्यात पहिली ओळ हीच आहे, 'एका श्वासात वाक्य पूर्ण करता येत नाही'. ती मला पाठ होती. पाण्याची ओढ थांबायला अजून साडेतीन तास होते.

धर्मा म्हणाला, "तांडेल, फिरू या. जाली राहू दे हितंच. पोर बोलत नाय." मी म्हटलं, पाणी थांबू दे. तो पुन्हा म्हणाला, "कागदावर काय लिव्हलंय ते तरी बगा." मी म्हटलं, बोटीवर तांडेल कोण आहे? बोटीवर तांडेलाच्या शब्दावर शब्द कोणी टाकत नाही, आणि मी तेच वापरलं.

जवळच आपल्या वाडीची एक बोट होती. वायरलेसवर तिला बोलावता आलं असतं, अल्पेशला तिच्यावर चढवता आलं असतं. तीही जाळ्यांवर होती आणि तिच्यावर तोच माणूस होता, जो जानेवारीत धक्क्यावर बोलला होता. मी वायरलेसला हात लावला नाही.

साडेअकराला अल्पेश केबिनच्या दाराला टेकून पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी आत गेलो. त्याने बोट उचलून तसबिरीशेजारच्या कागदाकडे दाखवलं. घरी तो मला मामा म्हणतो, बोटीवर तांडेल. त्या वेळी काहीच म्हणाला नाही, नुसतं दाखवलं. मी म्हटलं, "हो, बघितलंय." आणि बाहेर येऊन पाणी बघत उभा राहिलो.

मला त्या वेळी भीती वाटत नव्हती. तुला खोटं वाटेल, पण राग येत होता. ह्याला माझ्याच बोटीवर, नव्या जाळ्यांच्या पहिल्याच दिवशी, असं व्हायचं होतं. जानेवारीतही धक्क्यापर्यंत बरा झालाच होता, आताही होईल. असं मी दर दहा मिनिटांनी स्वतःला सांगत होतो. पावणेदोनला पाणी थांबलं. आम्ही चारही जाळी उचलली. धर्मा उचलत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. जाळी भरलेली होती. बोट फिरवली तेव्हा अल्पेशचे ओठ निळे पडले होते, आणि तेव्हा मला भीती वाटली. परतीचे दोन तास धर्मा त्याला धरून बसला, पंप देत राहिला. मी सुकाणूवर होतो. मासळी तिसऱ्याच कोणीतरी उतरवली, मला आठवत नाही.

अलिबागच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, इतका उशीर का केला? मी म्हटलं, इंजिन बंद पडलं. ठरवून म्हटलं नाही, तोंडातून निघालं. मग तू आलीस, आणि तू रडत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी काय करणार होतात?" तेव्हा सांगायला हवं होतं. पाच दिवस तो मशीनवर होता, पाचही दिवस सांगता आलं असतं. तो शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्या दिवसातलं जाळी टाकेपर्यंतचंच आठवत होतं. त्याने मला विचारलं, "मामा, इंजिनाला काय झालतं?" मी म्हटलं, डिझेलमध्ये पाणी गेलं. बघ, नुसतं खोटं बोलून थांबलो नाही, त्याला कारणही जोडलं.

खोटं बोललं की ते सांभाळावंही लागतं. एप्रिलमध्ये मी हरेश्वर मिस्त्रीला बोलावून चांगलं इंजिन खोलायला लावलं, लोकांना दिसावं म्हणून. त्याने अर्धा दिवस सगळं उलगडून बघितलं आणि म्हणाला, "तांडेल, याला काय झालंय? काय पन नाय." मी म्हटलं, तरी साफ कर. त्याने केलं. आता वाडीत सगळ्यात स्वच्छ इंजिन आपलं आहे.

धर्मा चार महिने कोणाला बोलला नाही. समुद्रात तांडेलाने काय केलं ते खलाशी किनाऱ्यावर सांगत नाहीत, आपल्याकडे तो रिवाज आहे आणि चांगलाच आहे असं मी आजवर मानत आलो. बाकीचे दोघेही बोलले नाहीत. त्यांच्या गप्प बसण्यावर मी हे चार महिने काढले.

आणि अल्पेश कारंजाभर सांगत फिरतो की मामांनी मला मरणाच्या दारातून उचलून आणलं. मे महिन्यात तुम्ही आलात तेव्हा तो माझ्या पाया पडला. मी त्याला उठवलं नाही, पडू दिलं. त्या दिवसापासून मला जेवण नीट जात नाही. आई म्हणते पित्त आहे.

तुझ्या मेसेजमध्ये तू लिहिलंस, 'डॉक्टर म्हणाल्या, औषध नियमित असेल तर तो काम करू शकतो, पण बोटीवर कागदाप्रमाणे वागणारा माणूस हवा. मी म्हटलं, माझे बाबा आहेत.' हे मी मंगळवारपासून किती वेळा वाचलं ते लिहीत नाही. तू त्याचा जीव पुन्हा माझ्या सहीखाली ठेवायला निघालीस, आणि तुला काही माहीत नाही. गप्प बसलो असतो तर कोणाला कधी कळलं नसतं. पुढल्या वेळी मी बोट फिरवली असती असं मला वाटतं. पण मला वाटण्यावर आता जाऊ नकोस. कागद मला तेव्हाही पाठ होता.

काल आईला सांगितलं. ती सुकट निवडत होती. ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं. म्हणाली, "आदी पोरीला लिवा. मंग माज्याशी बोला." त्यानंतर बोललेली नाही.

आज सकाळी धर्माकडे गेलो. त्याला म्हटलं, या मोसमात बोट तू चालव, मी किनाऱ्यावर जाळी बघेन. अल्पेश आला तर कागदावर तुझं नाव घालायचं का, तेही विचारलं. तो म्हणाला, "घाला. मी फिरवीन बोट. तुमी आडवं आलाव तरी फिरवीन." मग आत जाऊन मला चहा आणून दिला. मार्चनंतर त्याच्या घरचा चहा मी पहिल्यांदा प्यालो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: माझं नाव लिहू नकोस. धर्माचं लिही, किंवा कारंजाच्या एखाद्या बोटीवरच्या माणसाचं, जो लोकांच्या हसण्याला भीत नाही. बोट कुठली ते अल्पेशने ठरवावं. पण ठरवण्याआधी त्याला हे पत्र वाचून दाखव, सगळं. त्याने कागदाकडे बोट दाखवलं होतं हे त्याला आठवत नाही. ते त्याचं आहे, त्याला मिळायला हवं.

माफ कर असं लिहीत नाही, कारण मग तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल आणि तुला आत्ता ते सुचणार नाही. मला वाईट वाटतं एवढं लिहितो. फार वाईट वाटतं.

नारळी पुनव नऊ ऑगस्टला आहे. दर वर्षी तुम्ही दोघं येता आणि अल्पेश माझ्याबरोबर दर्यात नारळ सोडतो. यंदा आला नाहीत तर बंदरावर लोक विचारतील, तुलशीरामा, जावय का नाय आला? मी सांगेन, माझ्यामुळे. आणि पुढे विचारलं तर काय झालं तेही सांगेन, धक्क्यावर, सगळ्यांसमोर.

तुझा आणि अल्पेशचा अपराधी,
बाबा